आईची एकशे दहा पावलं

प्लॅनिंग या विषयात मला कुणी शिकवायला येऊ नये, हे आधीच सांगून ठेवतो. विक्रोळीच्या कारखान्यात अठ्ठावीस वर्षं मी प्लॅनिंग खात्यात काढली आहेत. कुठली पेटी कुठल्या दारातून किती वाजता बाहेर पडेल, हे मी घाटकोपरला घरी पडल्या पडल्या सांगू शकतो. तेव्हा एक्याऐंशी वर्षांच्या आईला क्रूझवर बसवायचं, गोव्याच्या बंदरात उतरवून फिरवायचं आणि जशीच्या तशी घरी आणायची, म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ!

आईचे दोन्ही गुडघे गेलेत. हॉलमधून स्वयंपाकघरात जायचं तर ती भिंत, शोकेस, फ्रिज असे मुक्काम करत जाते. म्हणून मी एक चार्ट बनवला. जहाजाच्या दारापासून बसपर्यंत व्हीलचेअर, बसपासून टॅक्सी, टॅक्सीतून चर्च नुसतं बाहेरून बघायचं, मग समुद्रासमोरच्या हॉटेलात दाराजवळचं टेबल, एक शहाळं, परत. दिवसभरात आईच्या वाट्याला एकूण पावलं येत होती एकशे दहा. बाथरूमला जायची धरून. आमच्या श्रुतिकाने चार्ट वाचला आणि यात आईंच्या शिंकाही धरल्यास का, एवढंच विचारलं. बायकोला प्लॅनिंगमधलं कळत नाही, म्हणून मी सोडून दिलं.

अडचण एकच होती. आई यायला तयार नव्हती. मला काय करायचंय गोव्याला, म्हणायची. चार दिवस मी समजावलं. पाचव्या दिवशी मी एक वाक्य बोललो, आणि पुढचं सगळं रामायण त्या एका वाक्याने घडलं.

"आई, अगं तुझी जुनी बोट परत सुरू झालीय."

आई लसूण सोलत होती, तिचे हात थांबले. मालवणावरून जाते का, असं तिने विचारलं. मी म्हटलं, मग काय, त्याच बाजूने. आता हे काही साफ खोटं नव्हतं. मालवण त्याच बाजूला आहे, जहाज थोडं लांबून जातं इतकंच. आईने उरलेला लसूण पटापट सोलला आणि म्हणाली, "येते मी." मी कॉलर ताठ केली.

ज्यांना ती जुनी बोट ठाऊक नाही, त्यांच्यासाठी सांगतो. गिरणीतली आमची कोकणातली माणसं गावी जायची ती भाऊच्या धक्क्यावरून, बोटीने. रत्नागिरी, देवगड, मालवण, वेंगुर्लं. मोठी बोट किनाऱ्याला लागायची नाही. ती खोल पाण्यात उभी राहायची आणि किनाऱ्यावरून पडाव यायचे, म्हणजे मोठ्या होड्या. त्यातून माणसं, ट्रंका, कोंबड्या, सगळं खाली उतरायचं. मी लहानपणी चार वेळा गेलो आणि चारही वेळा ओकलो. पण त्या बोटीचा भोंगा आठवला की अजून मला डेकवरच्या ओल्या दोरखंडाचा वास येतो आणि वडिलांचा हात खांद्यावर असल्यासारखं वाटतं. ती बोट बंद होऊन पस्तीस-चाळीस वर्षं झाली. बाकी सगळं मी विसरून गेलो होतो. आई विसरली नव्हती.

तर, कुठलाही माल पाठवण्याआधी चाचणी घ्यावी हा आमच्या खात्याचा नियम. म्हणून जानेवारीतल्या एका रविवारी मी रंगीत तालीम ठेवली. बोरिवलीला गोराईचा धक्का, तिथून खाडीपलीकडे फेरीबोट, पलीकडे शहाळं, परत. व्हीलचेअर आमच्या गणेशोत्सव मंडळाच्या रुग्णसाहित्य केंद्रातून आणली. मंडळाच्या वहीत रुग्णाचं नाव लिहावं लागतं. तिथे आईचं नाव 'विमल' लिहिलं आणि सही केली. खुर्चीला एकच खोड होती. ती उजवीकडे ओढायची. सरळ ढकललं की ती आपली आपण गटाराकडे जायची.

धक्क्यावर पोचलो तर ओहोटी! बोट चांगली पाच पायऱ्या खाली, आणि पायऱ्यांवर हिरवं शेवाळ. माझ्या चार्टात ओहोटी नव्हती. मी कागद काढून विचार करत होतो, तोवर बोटवाल्याने आणखी तिघांना हाक मारली, चौघांनी आईला खुर्चीसकट उचललं आणि बोटीत ठेवलं. मी मात्र शेवाळावरून बसतच खाली आलो. आईने विचारलं, "तुला लागलं का रे?" आणि हसायला लागली. वडील गेल्यापासून ती अशी हसलेली मी ऐकली नव्हती.

बोट तिवरांच्या कडेने निघाली. वारा लागला तशी आई बोलायला लागली. नवी नवरी म्हणून मालवणहून निघाली तेव्हा एका खलाशाने तिला गुडघाभर पाण्यातून उचलून पडावात बसवलं होतं. वडील मागून नवे बूट डोक्यावर धरून पाण्यातून येत होते. किनाऱ्यावर माणिक उभी होती. आईची लहानपणापासूनची मैत्रीण. माणिकच्या घरचेच पडाव. आईचं सासर वेंगुर्ल्याला, त्यामुळे पुढे दरवर्षी गावी जाताना बोट मालवणला थांबायची पण आई उतरायची नाही. मग माणिकच पडावातून बोटीजवळ यायची. आई वर कठड्याला, माणिक खाली हेलकावत. दहा मिनिटं. वर्षभराचं सगळं त्या दहा मिनिटांत ओरडून बोलायचं, दोरीने एक गाठोडं वर यायचं, एक खाली जायचं, भोंगा व्हायचा, संपलं. मला एकदम आठवलं, पडावात पाय फाकवून उभी असलेली, पदर खोचलेली एक बाई, आणि तिचा तो आवाज.

आणि तेवढ्यात आई म्हणाली, "तुझ्या त्या कागदावर लिहून ठेव हं. मालवणला मला उतरायचंच नाही. माणिकला सांगितलंय मी, ती येईल पडावातून. मी आपली वरून बोलेन. मालवण, पावलं शून्य."

क्रूझ मालवणला थांबत नाही हो! ती रात्री कुठेतरी खोल समुद्रातून जाते, मालवणचा दिवासुद्धा दिसत नाही. बोट बंद झाल्यावर मालवणच्या स्टँडवर एसटी थांबायची तेवढी दहा मिनिटं दोघींची भेट व्हायची, आणि गेल्या पंधरा वर्षांत तीही नाही. हिचे गुडघे गेलेले, तिची कंबर. एसटी झेपत नाही, गाडी झेपत नाही. दर रविवारी फोनवर दोघी बोलतात. दोघींना कमी ऐकू येतं, त्यामुळे तो कार्यक्रम आमच्या अख्ख्या बिल्डिंगला ऐकू येतो. आईने क्रूझला हो म्हटलं होतं ते गोव्यासाठी नाही आणि माझ्यासाठी तर नाहीच नाही. माणिकमावशीच्या दहा मिनिटांसाठी.

परतीच्या बोटीत तिला सांगून टाकायचं ठरवलं. पण शेजारी गोराईची एक भाजीवाली बाई बसली होती, तिला आई सगळी हकिगत सांगत बसली. त्या बाईने आईचा हात हातात घेतला आणि देव भलं करो तुझ्या मुलाचं, म्हणाली. घरी गेल्यावर सांगू म्हटलं.

घरी आलो तर दारात धोंडिरामकाका! पहिल्या मजल्यावरचे, वडिलांच्या बरोबर गिरणीत होते. हातात पिशवी, पिशवीत भिंतीवरचं घड्याळ. आईने बोटीची बातमी आदल्या दिवशीच जिन्यात सांगितली होती. कोकणी माणसाने आपण गावी जातोय हे जिन्यात कधी बोलू नये, हे मी पन्नाशी उलटल्यावर शिकलो. गावी जाणारा माणूस म्हणजे आमच्यात पोस्टाची पेटी. कुणीही यावं आणि आपलं टाकून जावं. काकांनी घड्याळ माझ्या हातात दिलं आणि वेंगुर्ल्याच्या धक्क्यावर माझा भाऊ उभा राहील, त्याला खाली सोड, म्हणाले. बोट वेंगुर्ल्याला थांबत नाही असं म्हणायला मी तोंड उघडलं, तर काका म्हणाले, "तुझ्या बापासारखाच आहेस बघ. नाही म्हणणं त्यालाही यायचं नाही." मी तोंड मिटलं आणि घड्याळ घेतलं.

बुधवारपर्यंत सात पिशव्या झाल्या. देवगडसाठी घाटकोपरचं फरसाण आणि कुकरची शिट्टी. मालवणसाठी दोन मॅक्स्या, गुडघ्याचं तेल, कुणाच्या नातवाचे लहान झालेले बूट. आईने भिंतीला लावून पिशव्या बंदराप्रमाणे मांडल्या. देवगड, मालवण, वेंगुर्लं. प्लॅनिंग मी कुणाकडून घेतलं ते तेव्हा माझ्या लक्षात आलं.

शेवटी गॅलरीचं दार लावून घेतलं आणि माणिकमावशीलाच फोन केला. म्हटलं, मावशी, चूक माझी आहे, बोट मालवणला थांबत नाही, तू तुझ्या तोंडाने आईला समजावून सांग.

"मेल्या," मावशी म्हणाली, "बोट थांबत नाय ह्या माका ठावक नाय? बंदरार घर आसा माझा! पडाव इकान तीस वर्षां झाली." पडाव विकल्याचं मला ठाऊकच नव्हतं.

"मग तू हो कशाला म्हणालीस?"

"अरे, ती इतकी खुशीत होती. माका धीर नाय झालो. तूच सांग."

मी म्हटलं तू सांग. ती म्हणाली तू झील आसस, म्हणजे मुलगा, तू सांग. पाच मिनिटं आम्ही एकमेकांना तूच-तूच करत होतो. मग तिने फोन ठेवून दिला.

मग मी काय केलं असेल? खरं सांगायचं सोडून आणखी एक थाप मारली. मुंबईत बसचे थांबे रोज हलतात, त्यावरून सुचलं. आईला म्हटलं, आई, मालवणचा थांबा हलवलाय, आता सगळ्यांना गोव्यालाच उतरवतात. आईने माझ्याकडे बघितलं. वेंगुर्ल्याचा थांबा, तिने विचारलं. तोही गोव्याला. देवगडचा? मी म्हटलं, गोव्याला. रत्नागिरीचा विचारला तेव्हा मी भिंतीजवळच्या पिशव्या सरळ करायला लागलो.

आई तशीच बघत राहिली. मग म्हणाली, "बोट थांबतच नाही ना रे कुठे?"

मी मान हलवली. कान धरून उभा राहायचा तेवढा बाकी होतो. आई ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती भिंतीजवळच्या पिशव्यांकडे बघत बसली.

"मग मी येऊन काय करू?" ती म्हणाली. "गोव्यात माझं कोण आहे?"

आईने पिशव्या परत करायला सांगितल्या. मी घड्याळ घेऊन पहिल्या मजल्यापर्यंत गेलो, काकांच्या दारावरची पाटी वाचली आणि परत आलो. चार्ट मी उशीखाली घालून ठेवला.

रविवारी नेहमीच्या वेळी फोन वाजला. आई उठेना. श्रुतिकाने फोन तिच्या कानाला लावला, आणि लावायचीही गरज नव्हती, कारण माणिकमावशीचा आवाज खालच्या वॉचमनपर्यंत गेला असणार.

"विमल! तुझी बोट माझ्याकडे येणा नाय तर मी तुझ्या बोटीकडे येतंय! सौरभ गाडी घेऊन गोव्याक सोडतलो. दोन-अडीच तासांची वाट. कंबर गेली चुलीत!"

सौरभ म्हणजे तिचा नातू. आईने पदर डोळ्यांना लावला आणि तेवढ्याच मोठ्याने ओरडली, "येताना सोलां घेऊन ये गो!" म्हणजे कोकमं. वरच्या मजल्यावर कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

पिशव्या जागच्या जागी राहिल्या. निघेपर्यंत आणखी चार आल्या, कारण बोट नाही तरी मालवणची गाडी समोर येणार होती.

निघालो आम्ही दोघंच, आई आणि मी. मुंबईच्या क्रूझ टर्मिनलवर सामान तपासणीच्या मशीनमध्ये माझ्या अकरा पिशव्या एकामागून एक गेल्या. आजूबाजूची माणसं गॉगल लावून, चाकांच्या बॅगा घेऊन उभी होती. सातव्या पिशवीला मशीनच्या पोटात धोंडिरामकाकांच्या घड्याळाने ठणाठण बारा ठोके दिले. तेव्हा दुपारचे पावणेतीन वाजले होते! चार गार्ड धावत आले. पट्टा थांबला, रांग थांबली. साहेबाने विचारलं, हे काय आहे? मी सांगणार एवढ्यात आईने खुर्चीतूनच खुलासा केला की ते जरा हललं की बाराच वाजवतं, त्यात त्याचा दोष नाही, आणि ते धोंडिरामच्या भावाला द्यायचंय. साहेबाने सगळ्या पिशव्या उघडायला लावल्या. कुकरची शिट्टी उजेडात धरून बघितली. फरसाण बघितल्यावर त्याने विचारलं, घाटकोपरचं का? आईने त्याच्या हातावर मूठभर ठेवलं आणि आम्ही सुटलो.

जहाजावर काय काय होतं ते मला विचारू नका. गाणी होती, पोहायचा तलाव होता, आईने काहीही बघितलं नाही. ती संध्याकाळभर कठड्याजवळ बसून डावीकडे किनारा कुठे असेल तिकडे बघत होती.

सकाळी गोवा आलं. बंदराच्या बसने आम्हाला फाटकाबाहेर सोडलं. तिथून दहा-बारा पावलांवर चहाची टपरी होती आणि टपरीपुढे प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, नऊवारी नेसून, मांडीवर गाठोडं घेऊन माणिकमावशी बसली होती. शेजारी सौरभ. माझी टॅक्सीही उभी होती, चर्चला जाणारी. आईने टॅक्सीकडे बघितलंसुद्धा नाही.

मी खुर्ची खुर्चीला लावली. दोघींनी एकमेकींच्या तोंडावरून हात फिरवले आणि जी सुरुवात केली! कोण गेलं, कोण आजारी, कुणाच्या मुलीचं जमलं, कुणी घर विकलं, दोघी एकाच वेळी बोलत होत्या आणि दोघींना सगळं कळत होतं. गाठोडं इकडून तिकडे गेलं. आणि दहा मिनिटं झाली असतील, माणिकमावशी एकदम थांबली, गुडघ्यावर हात टेकून उठायला लागली.

"चल गो, बोट सुटतली."

आईने तिचा पदर धरला. "बस गो. आज बोट सांजेक सुटतली."

मावशी परत बसली. आणि मग दोघी गप्पच झाल्या. साठ वर्षांत समोरासमोर दहा मिनिटांच्या वर बोलायची त्यांना कधी वेळच आली नव्हती. आता अख्खा दिवस समोर, आणि काय बोलावं हे दोघींनाही सुचेना. त्या हातात हात घालून रस्त्याकडे बघत बसल्या. टपरीवाल्याने न विचारता चहा आणून ठेवला. मी तोंड फिरवून उभा राहिलो. डोळ्यांत कचरा गेला होता असं मी सौरभला सांगितलं, पण तोही तेच सांगत होता.

मग हळूहळू पुन्हा सुरू झालं, या वेळी सावकाश. आईने मला जवळ बोलावून ते चर्च का काय आहे ते तू बघून ये, म्हणून पिटाळलं. मी एकटा टॅक्सीतून गेलो, चर्च बाहेरून बघितलं, एक शहाळं प्यालो आणि परत आलो. चार्टाप्रमाणे सगळं झालं, फक्त आईशिवाय.

निघायची वेळ झाली तेव्हा माझ्या अकरा पिशव्या सौरभच्या गाडीत गेल्या होत्या, आणि गाडीतून चौदा निघाल्या. घाटकोपरच्या माणसांसाठी! कोकमं, फणसाचे पापड, काजू, आणि एक भलीमोठी चिनी मातीची बरणी. दोघी म्हाताऱ्या एकमेकींना सोडत नव्हत्या, बसवाला हॉर्न देत होता. जरा पुरुषार्थ दाखवावा म्हणून मी बरणी एका झटक्यात उचलली.

कंबरेत अशी काही कळ उठली की मी वाकलो तो वाकलेलाच राहिलो. उसण! सौरभने मला धरलं, पण सरळ होता येईना. आईने एकदा माझ्याकडे बघितलं, खुर्चीचे हात धरून उठली आणि व्हीलचेअरकडे बोट दाखवलं.

"बस तिच्यात."

मी बसलो. सौरभने माझ्या मांडीवर बरणी ठेवली, बरणीवर पापड, बाकीच्या पिशव्या मुठींना लटकवल्या आणि सगळं बसमध्ये चढवून दिलं. बसने जहाजापासून लांबच सोडलं, पुढे उतारूंची रांग. ढकलायला जहाजाचा एक माणूस पुढे आला, पण आईने मुठी सोडल्या नाहीत. त्या मुठींवर भार टाकला की तिला चांगलं चालता येतं, हे आम्हाला इतक्या वर्षांत कधी सुचलं नव्हतं. खुर्ची उजवीकडे ओढायला लागली की ती डावा हात जरा दाबायची आणि खुर्ची सरळ. मध्येच थांबून तिने मागे वळून फाटकाकडे हात हलवला. एवढ्या लांबून मावशी दिसत नव्हती. पण तिचा आवाज आला.

परवा मंडळात जाऊन खुर्चीची मुदत वाढवून घेतली. म्हणजे आईच खुर्ची ढकलत मंडळात जाऊन आली, मी पडून आहे. वहीत आता रुग्णाच्या नावापुढे माझं नाव, 'सुबोध', लिहिलंय. चार्टही पुरा केला, अपुरा कागद मला बघवत नाही. बसपासून जहाजाच्या दारापर्यंत आई, चारशे बारा पावलं. मी, शून्य. आकडा बरोबर आहे, मी स्वतः मोजलाय. बसल्या बसल्या मला दुसरं काम नव्हतं.